हेराचा कागद सापडत नाही, तेव्हा

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरने त्याचा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. तो मोखाड्याकडचा. मराठीत एम.ए. झालाय, पेटची तयारी करतोय. विषय असा: ‘शिवकालीन कादंबऱ्यांतील हेर आणि आरमार: एक चिकित्सक अभ्यास’. विषय वाचून मला आनंदच झाला, कारण युद्धकादंबरी आपण सगळे चवीने वाचतो आणि अभ्यास म्हटलं की तिला दाराबाहेर ठेवतो. पण प्रस्तावनेचं पहिलंच वाक्य होतं की बहिर्जी नाईकांनी फकिराच्या वेशात सुरत शहर पिंजून काढलं आणि मगच महाराजांनी मोहीम आखली. खाली संदर्भ म्हणून एका कादंबरीचं नाव आणि पान क्रमांक. मी बाजूला पेन्सिलने लिहिलं, ‘फकिराचा वेश कुणी पाहिला?’

त्याला राग आला. फोनवर म्हणाला, “ताई, तुम्ही सायन्सवाले. तुम्हाला सगळीकडे पुरावा लागतो. साहित्यात तसं नसतं.”

त्याचं अर्ध म्हणणं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी ही पोस्ट. शिवाय एक कबुली आधीच देते. आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी हाच फकीर उभा केला होता. हातात कटोरा, डोळे मिटलेले, कान मात्र सावकारांच्या बोलण्याकडे. बक्षीस मिळालं. तो प्रसंग मला कुठून मिळाला हे कुणी विचारलं नाही, मलाही विचारावंसं वाटलं नाही. त्यामुळे पेन्सिलीचा प्रश्न थोडा मला स्वतःलाही होता.

आधी ठरवा, अभ्यास कशाचा?

या विषयावर दोन वेगवेगळे अभ्यास होऊ शकतात. पहिला, शिवाजी महाराजांची हेरव्यवस्था कशी होती. दुसरा, मराठी कादंबरीने हेर कसा घडवला. पहिल्या अभ्यासात कादंबरी पुरावा म्हणून चालत नाही. ती घटनेनंतर दोन-तीनशे वर्षांनी लिहिली गेली आहे. दुसऱ्या अभ्यासात मात्र कादंबरी हेच मूळ साधन असतं, आणि बखरी, पत्रं, वखारींच्या नोंदी तिच्या शेजारी ठेवून बघायच्या असतात.

बहुतेक सिनॉप्सिस घसरतात ते इथे. शीर्षक दुसऱ्या अभ्यासाचं असतं आणि आतली वाक्यं पहिल्याची. प्रयोगशाळेतल्या भाषेत सांगायचं तर मोजायची वस्तू आणि मोजपट्टी एकच झाली. मग जे काही मोजाल ते बरोबरच येणार! कादंबरीतला बहिर्जी खरा होता का, याचं उत्तर त्याच कादंबरीतून काढलं तर दुसरं काय होईल?

बहिर्जींबद्दल हातात काय आहे?

जुन्या साधनांपैकी नेहमी पुढे केलं जातं ते सभासदाच्या बखरीचं. कृष्णाजी अनंत सभासदाने ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, १६९४ च्या सुमाराला लिहिली. म्हणजे सुरतेच्या पहिल्या स्वारीनंतर तीसेक वर्षांनी. तिथे बहिरजी जाधव नाईक हा राजांचा जासूद सुरतेहून बातमी आणतो, की सुरत मारली तर मोजता येणार नाही इतकं द्रव्य सापडेल. त्यावर महाराज विचार करतात की नुसतं लष्कर पाठवून हे काम मनासारखं व्हायचं नाही, आपण जातीने गेलं पाहिजे.

त्या प्रसंगात बहिर्जींच्या वाट्याला एवढंच येतं. वेश नाही. किती दिवस राहिला ते नाही. कुणाच्या घरी उतरला, कोणती भाषा बोलला, नकाशा काढला की तोंडी सांगितलं, काही नाही.

यात बखरकाराची चूक नाही. कारकुनाचं काम कागदावर उमटल्याशिवाय पुरं होत नाही. हेराचं काम मात्र कागदावर उमटलं की बिघडतं. ज्या हेराचे रोजचे अहवाल शत्रूच्या दप्तरात सापडतात तो पकडला गेलेला हेर असतो. तेव्हा बहिर्जींबद्दल माहिती कमी असणं आणि त्यांनी काम चोख केलेलं असणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. फक्त पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. ‘पुरावा नाही, म्हणजेच तो फार मोठा हेर असणार’ हा युक्तिवाद व्याख्यानात टाळ्या घेतो, तोंडी परीक्षेत मात्र तुम्हाला अडकवतो.

मग कादंबरीला हेर का लागतो?

इथून खरी समीक्षा सुरू होते, आणि ज्युनिअरच्या सिनॉप्सिसमध्ये नेमका हाच प्रश्न नव्हता.

युद्धकादंबरी लिहिणाऱ्यापुढे एक अगदी व्यवहाराची अडचण असते. नायक राजगडावर आहे आणि शत्रूचं शहर दूर आहे. वाचकाला ते शहर दाखवायचं कसं? निवेदकाने सरळ वर्णन केलं तर भूगोलाचा धडा होतो. म्हणून एक माणूस आत पाठवायचा. तो चालतो तसं शहर उघडत जातं: बंदर, पेढ्या, हमाल, किल्ला, पहारे. तो घाबरतो तिथे वाचक घाबरतो. कादंबरीतला हेर हा आधी वाचकाचा डोळा असतो, मग राजाचा.

ही युक्ती ओळखली की वेशांतराचे प्रसंग वेगळे दिसू लागतात. फकीर, वासुदेव, गोंधळी, बहुरूपी हीच सोंगं पुन्हा पुन्हा का येतात? कारण ही माणसं कुठल्याही गल्लीत शिरू शकतात आणि त्यांना कुणी ‘इथे काय काम?’ असं विचारत नाही. कादंबरीकाराला नेमका असाच परवाना हवा असतो. शिवाय वाचकाला ही सोंगं ओळखीची असतात. त्याच्या दारावर ती येऊन गेलेली असतात. सतराव्या शतकातल्या सुरतेची नीटशी ओळख वाचकाला नसते, पण वासुदेवाची असते. परक्या शहरात शिरायला ओळखीचा माणूस सोबत दिला, की वाचक विश्वास टाकतो.

हे मी दोष म्हणून सांगत नाही. हे कसब आहे. पण कसब आहे हे तुम्हाला दिसलं पाहिजे, नाहीतर तुम्ही त्यालाच माहिती समजून बसाल. मी आठवीत तेच केलं होतं.

पटावरचे पाचशे

आता बघा, या कसबाखाली काय दबून जातं. सुरतेवर जायचं तर महाराजांना खरोखर काय कळायला हवं होतं?

जदुनाथ सरकारांनी लिहिलंय की सुरतेचा सुभेदार इनायत खान ५०० शिपायांचा पगार सरकारातून उचलत होता, पण एवढी माणसं ठेवत नव्हता. शहराला भरवशाचा तट नव्हता. चांगली तटबंदी या स्वारीनंतर उभी राहिली. व्यापाऱ्यांची संपत्ती घरात होती आणि लढणारी माणसं अगदी थोडी. इंग्रज आणि डच वखारी मात्र आपापल्या भिंतींआड शस्त्र घेऊन बसू शकत होत्या. झालंही तसंच. इनायत खान किल्ल्यात जाऊन बसला, शहर चार दिवस उघडं पडलं आणि वखारी वाचल्या.

म्हणजे मोहिमेचा सगळा भार एका कोरड्या फरकावर होता: पटावर ५०० आणि प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी. हा फरक ज्याने कुणी मोजून आणला त्याचं काम बहुधा फार कंटाळवाणं असणार. रोज त्याच दरवाजाशी उभं राहायचं, पहारा बदलताना डोकी मोजायची, पगाराच्या दिवशी किती जण येतात ते बघायचं, आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडून पडताळून घ्यायचं. एकच बातमी दोन ठिकाणांहून येत नाही तोवर ती कच्ची. संशोधनाला बसाल तेव्हा तुम्हीही हेच करणार आहात, फक्त डोक्यावर तलवार नसेल.

युद्धकादंबरीत मोजणी क्वचित दिसते, सोंग नेहमी दिसतं. हेर ओळखला जाईल का, हा ताण रंगतो. हेराने आणलेली माहिती चुकीची निघाली तर काय, हा ताण सहसा येतच नाही. कादंबरीतला हेर चुकत नाही. माझ्या मते ही या प्रकारातली सगळ्यात मोठी उणीव आहे. चुकू शकणारी बातमी हातात घेऊन निर्णय घेणं, यात राजाचं खरं धैर्य दिसलं असतं. बातमी शंभर टक्के खरी असेल तर उरतं ते फक्त घोडे दामटणं.

तुमच्या कादंबरीत हे तपासून बघा. हेराची एकतरी बातमी खोटी ठरते का? कुणी तिच्यावर शंका घेतं का? या एका प्रश्नावर एक प्रकरण उभं राहील.

समुद्रावर मात्र उलटं

विषयात आरमारही होतं, म्हणून थोडं समुद्राकडे वळू. तिथे अडचण नेमकी उलट्या बाजूने येते.

१६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तट बांधायला घेतला. तिथे काम बघत होता मायनाक भंडारी. पुढे दौलतखान मदतीला आला. इंग्रजांनी बेटाला वेढा घालायचा प्रयत्न केला. १८ ऑक्टोबरच्या लढाईत त्यांचं डव्ह नावाचं गलबत मराठ्यांच्या हाती पडलं आणि कॅप्टन केग्विन रिव्हेंज जहाजावरून लढत राहिला. तरीही मराठ्यांच्या उथळ बुडाच्या होड्या रात्रीच्या अंधारात माणसं आणि सामान बेटावर पोचवत राहिल्या.

हे इतकं बारीक आपल्याला कशामुळे कळतं? मुंबई आणि सुरतेच्या इंग्रजांनी आपापसात लिहिलेल्या पत्रांमुळे. कागद भरपूर आहे, पण तो समोरच्या बाजूचा. जहाजावर किती तोफा, कोणत्या दिवशी वारा कुठला, हे त्यात सापडतं. मायनाक भंडारी रात्री काय विचार करत होता ते सापडत नाही. त्याच्या होड्या वल्हवणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांची नावंही सापडत नाहीत.

तेव्हा एकाच कादंबरीत हेराचं प्रकरण आणि आरमाराचं प्रकरण असेल तर दोन्हींना एकच पट्टी लावू नका. हेराच्या प्रकरणात लेखक जवळजवळ कोऱ्या कागदावर लिहितो. खांदेरीच्या प्रकरणात तो शत्रूच्या पत्राची पाठ उलटून तिच्यावर लिहितो. पहिल्या ठिकाणी विचारा, ‘काय भरलं?’ दुसऱ्या ठिकाणी विचारा, ‘काय फिरवलं?’

शत्रूचा कागद असला म्हणजे तो तटस्थ असतो असंही नाही. सुरतेच्या स्वारीचा नेहमी वापरला जाणारा वृत्तांत म्हणजे इंग्रज वखारीतला पाद्री एस्कलियट याने सर थॉमस ब्राउन यांना लिहिलेलं पत्र. त्यातला बराचसा मजकूर अँथनी स्मिथ या इंग्रजाने सांगितलेला. तो मराठ्यांच्या छावणीत कैदेत होता. म्हणजे माहिती एका घाबरलेल्या कैद्याची आणि लेखणी पाद्र्याची. शिवाय इंग्रजांनी आपण वखार कशी शौर्याने राखली हे जोरात सांगितलं, आणि पुढे बादशहाकडून त्यांना जकातीत सवलतही मिळाली. शौर्य खोटं होतं असं मी म्हणत नाही. ते सांगण्यात त्यांचा फायदा होता, एवढं समासात लिहून ठेवा.

एक ओळ मागे चालवत न्या

कादंबरी इतिहासावर कशी चढते याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’. आज हे वाक्य महाराजांच्या तोंडचं म्हणून शाळेतलं पोरगंही सांगतं, आणि पुढे जोडतं की म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं.

आता ओळ मागे चालवा. सभासदाच्या बखरीत महाराजांचा शोक आहे, पण तिथे हिशेब गडाला गडाचा आहे: एक घेतला, एक गेला. तानाजीलाच गड म्हटलंय. सिंह तिथे नाही. अजून मागे जा. तानाजी पडला १६७० मध्ये. पण १६६३ च्या शिवाजी महाराजांच्या पत्रात सिंहगड हे नाव आधीच आहे. म्हणजे नाव त्या मृत्यूवरून पडलेलं नाही.

मग आपट्यांनी फसवलं का? अजिबात नाही. त्यांनी कादंबरी लिहिली. तिच्यात उदयभानूने आणलेली कमलकुमारी आहे, रजपुतांच्या सतीची गोष्ट आहे. इंग्रजी अमदानीतल्या वाचकाला जो स्वाभिमान हवा होता तो आहे. फसलो ते आपण, शीर्षकाला दस्तऐवज समजून.

याच प्रसंगावरचा शाहीर तुळशीदासाचा पोवाडा शेजारी ठेवा. त्यात तानाजी पाटलाचं सोंग घेऊन गडाखालच्या मेटावर जातो आणि गडाची माहिती मिळवतो ती तिथल्या मेटकरी कोळ्यांकडून. शाहिराला ठाऊक होतं की डोंगराची माहिती डोंगराखाली राहणाऱ्याकडे असते. कादंबरीच्या मध्यभागी आली ती कमलकुमारी. कोण पुढे आलं आणि कोण मागे गेलं, याची नोंद ठेवणं हेच आपलं काम.

शिरपामाळावर

एवढं सगळं फोनवर बोलून झाल्यावर ज्युनिअर म्हणाला, “ताई, मग आमच्या शिरपामाळाचं काय?”

त्याचा राग खरा इथून आला होता. जव्हारजवळचा हा माळ. सुरतेच्या वाटेवर महाराज इथे थांबले, जव्हारचा राजा विक्रमशाह त्यांना भेटला आणि त्याने महाराजांच्या शिरावर मानाचा शिरपेच खोवला, म्हणून शिरपामाळ, असं सांगतात. तिथे स्मारक आहे. जव्हार-मोखाड्याच्या पोरांना हा माळ म्हणजे मोठ्या गोष्टीत आपल्या गावाला मिळालेली जागा वाटतो. मी त्याच्या फकिरावर पेन्सिल चालवली तेव्हा त्याला वाटलं, उद्या ही शिरपेचावरही चालवेल.

चालवायची. पण पेन्सिल म्हणजे खोडरबर नव्हे.

आधी तारीख घेऊ. या भेटीची तारीख ३१ डिसेंबर १६६३ अशी सांगितली जाते. सुरतेवर महाराज पोचले ते इंग्रजांच्या नोंदीप्रमाणे ६ जानेवारीला, बुधवारी. पण तेव्हा इंग्रज जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत होते. आजच्या हिशेबाने ती तारीख १६ जानेवारी येते. आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे त्या जानेवारीच्या कागदावर साल १६६३ दिसू शकतं, आपण १६६४ म्हणतो. तर ३१ डिसेंबर ही तारीख कोणत्या दिनदर्शिकेतली?

गणित मांडा. जव्हार ते सुरत सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटर. तारीख जुन्या पद्धतीची असेल तर हातात सहा दिवस, म्हणजे दिवसाला सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर. जंगलातली वळणं धरली तर त्याहून बरीच जास्त चाल, घोडदळाला जमण्याजोगी. तारीख नव्या पद्धतीची असेल तर सोळा दिवस, म्हणजे दिवसाला नऊ-दहा किलोमीटर. शत्रूला पत्ता लागू न देता निघालेली फौज इतकी रेंगाळेल हे पटायला जड जातं. म्हणजे सांगितली जाणारी तारीख जुन्या पद्धतीची धरली तर चालीशी जुळते.

जुळते म्हणजे सिद्ध झाली असं नाही. इंग्रजी तारीख माहीत असलेल्या कुणीतरी उलटा हिशेब करून ही तारीख बसवली असेल तरीही ती जुळेलच. पण आता तुमच्याकडे नुसत्या श्रद्धेऐवजी एक प्रश्न आहे: ही तारीख पहिल्यांदा कुठे छापली गेली? हा शोध जव्हारच्या पोराने घ्यावा, यापेक्षा चांगलं काय?

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. कादंबरी शिरपेचापाशी आनंदाने थांबते. पण विक्रमशाहाची गोष्ट तिथे संपत नाही. जून १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं. तिथून सतरा लाखांचा खजिना मिळाल्याची नोंद सरकारांनी दिली आहे. विक्रमशाह राज्य सोडून मोगलांच्या मुलखाकडे गेला. १६६४ मध्ये शिरपेच देणारा राजा आठ वर्षांनी त्याच बाजूच्या फौजेपुढे राज्य गमावून बसतो. मग रामनगरही गेलं. सुरतेची वाट आता कुणाच्या पाहुणचारावर अवलंबून राहिली नाही.

हे ऐकून ज्युनिअर बराच वेळ गप्प होता.

युद्धकादंबरीकडे माणसं ठेवायला दोनच कप्पे असतात, निष्ठावंत आणि फितूर. हेराच्या गोष्टीत तर ते कप्पे अजून घट्ट होतात, कारण तिथे सगळा खेळच कोण आपला आणि कोण परका याचा असतो. विक्रमशाह दोन्हींत बसत नाही. जव्हारचं कोळी राज्य चौदाव्या शतकापासूनचं. त्या राजाला मोगल जवळ, मराठे जवळ, आणि मधे आपलं छोटं राज्य सांभाळायचं. १६६४ मध्ये स्वागत करणं त्याच्या हिशेबात बसलं असेल, १६७२ मध्ये मोरोपंतांना सुरतेची वाट स्वतःच्या हातात हवी होती. दोघांचंही कारण समजू शकतं. असा माणूस कादंबरीत आला तर कादंबरी मोठी होते. पण त्यासाठी लेखकाला शिरपेचानंतरचं पान उघडावं लागतं.

आणि विक्रमशाह निदान राजा होता. त्र्यंबकच्या बाजूने उतरून या डोंगरांतून फौज गेली असेल तर नदीचा उतार कुठे, घोड्यांना पाणी कुठे, कोणत्या खिंडीतून भार जाईल, हे इथल्याच कुणाला तरी ठाऊक असणार. त्याचं नाव बखरीत नाही, इंग्रजांच्या पत्रात नाही. कादंबरीत तो असलाच तर ‘एक वाटाड्या’ असतो. सुरतेत शिरलेल्या हेराला आपण दहा सोंगं दिली. त्याला तिथपर्यंत पोचवणाऱ्याला एक नावही दिलं नाही.

तो वाटाड्या वारली होता, कोकणा होता की महादेव कोळी, हे आता ठरवू नका. भावनेच्या भरात ठरवलंत तर तुम्हीही फकिराला कटोराच दिला असं होईल. जागा रिकामी आहे हे मात्र मोठ्या अक्षरात लिहा.

मग सिनॉप्सिस कसा करायचा?

मी त्याला सुचवलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. एक मोठी वही घ्या, पानाचे चार रकाने करा. पहिल्यात कादंबरीतला प्रसंग, पान क्रमांकासह. दुसऱ्यात त्या घटनेजवळच्या काळातलं साधन आणि ते कोणत्या बाजूचं. तिसऱ्यात लोकस्मृती: पोवाडा, स्थलकथा, गावात सांगितलं जाणारं. चौथा रकाना लेखकाने स्वतः घातलेल्याचा. एखाद्या ओळीत दुसरा रकाना कोरा राहिला तर कोराच ठेवा, तिसऱ्यातलं उचलून दुसऱ्यात टाकू नका. शंभरेक ओळी भरल्या की रकान्यांकडे उभं बघा. लेखक कुठे साधनाला चिकटून राहतो, कुठे स्मृतीकडे जातो, कुठे दोन्ही सोडून देतो, याची एक रीत दिसू लागेल. ती रीत म्हणजे तुमचा प्रबंध.

वाचायला सुरुवात कुठून करायची म्हणाल तर रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना आहे, तिथून. कादंबरीकाराचा आदर ठेवून त्याला इतिहासाचे प्रश्न कसे विचारायचे, हे तिथे शिकायला मिळतं. आपल्याकडे प्रश्न विचारला की अपमान झाला असं धरतात. कादंबरी शांतपणे घरी वाचतानाही एक दबाव डोक्यावर असतो की इथे शंका घ्यायची नाही. त्या दबावाचं भान ठेवा. तो तुमच्या वाक्यांत शिरतो आणि ‘असे म्हणतात’च्या जागी ‘हे सर्वज्ञात आहे’ लिहायला लावतो. ‘सर्वज्ञात’ शब्द दिसला की थांबा. बहुतेक वेळा त्याच्याखाली संदर्भ नसतो.

ज्युनिअरने आठ दिवसांनी नवा मसुदा पाठवला. शीर्षक बदललं होतं: ‘शिवकालीन मराठी कादंबरीतील हेर आणि वाटाड्या’. आरमार त्याने काढून टाकलं. ते वेगळं काम आहे हे त्याचं त्यालाच पटलं. पहिलं वाक्य आता बहिर्जींच्या फकिरीवर नव्हतं. सभासदाने बहिर्जींबद्दल काय सांगितलंय आणि काय सांगितलेलं नाही, यावर होतं. दुसऱ्या परिच्छेदात शिरपामाळ होता, विक्रमशाहाच्या दोन्ही तारखांसह, १६६४ आणि १६७२.

समासात त्यानेच पेन्सिलने एक टीप केली होती: ‘तारीख पहिल्यांदा कुठे छापली? जव्हारला जाऊन विचारणे.’ मी तिच्याखाली फक्त बरोबरची खूण केली आणि परत पाठवला.